जांभळा वायू आणि नानाची विहीर

माझ्या पहिल्या विज्ञानकथेत बर्फ होता. भरपूर होता, ग्रहभर होता. आणि तो पाडणारा इसम धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. त्यानं आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे लग्नात सरबतासाठी लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी. त्यामुळे माझा अंतराळवीर त्या ग्रहावर उतरला तेव्हा त्याचे बूट बर्फात रुतले आणि वर काढताना त्यांना भुसा चिकटलेला होता. खरंच तसं लिहिलं होतं मी. पुन्हा वाचताना लक्षात आलं म्हणून भुसा खोडला, पण पावलांखालची 'करकर' राहू दिली. ती करकर शाळेसमोरच्या गोळेवाल्याच्या रंध्याची होती, हे कुणाला कळणार होतं?

कळलं. जळगावच्या एका दैनिकाची रविवार पुरवणी बघणारे एक वयस्क संपादक होते. त्यांनी मला भेटायला बोलावलं. कथा स्वीकारली असणार अशा खात्रीनं मी इस्त्रीचा शर्ट घालून एस.टी.नं गेलो. मे महिन्याची दुपार, वीज गेलेली. संपादक बनियनवर बसून माझ्याच कथेच्या कागदांनी वारा घेत होते.

"मास्तर, तुमच्या ग्रहावर उणे चाळीस तापमान आहे ना?"

"हो."

"मग मला घाम का येतोय?"

मी वर पंख्याकडे पाहिलं. "लाइट गेलीय साहेब."

"ते मला दिसतंय. पण वाचताना क्षणभर तरी मला त्याचा विसर पडायला हवा होता की नाही?"

मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. पानापानांवर तांबड्या पेन्सिलीची वर्तुळं. मला वाटलं शुद्धलेखन. तसं नव्हतं. मी 'भयाण' हा शब्द जिथं जिथं वापरला होता तिथं वर्तुळ होतं. भयाण शांतता, भयाण दरी, भयाण संध्याकाळ. शेवटी शेवटी तर भयाण खुर्ची.

"ती यानातली खुर्ची आहे," मी म्हणालो.

"असेल. पण त्या बिचारीनं काय केलंय?"

त्यांनी मला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. मी त्याच वेळी मनातल्या मनात त्यांना जुन्या वळणाचे ठरवत होतो, तरी त्यांचं बोलणं डोक्यात राहिलं. ते म्हणाले, "तुम्ही जागा वेगळी शिजवता आणि भीती वेगळी शिजवता. मग वाढायच्या वेळी एकात एक घालता. शेवभाजीत रस्सा वेगळा करून वरून शेव टाकतात ना, तसं. शेवभाजीला ते शोभतं. गोष्टीत माणसाला भीती वाटायची तर ती त्या जागेतूनच यायला पाहिजे. तुम्ही भुसावळवरून गाडीनं जाता तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बघितल्यात कधी? संध्याकाळच्या?"

"मी झोपलेला असतो."

"झोपा," ते म्हणाले. "झोपा तुम्ही."

परतीच्या गाडीत मी फणफणत होतो. माझं म्हणणं असं की, विज्ञानकथेचं गणितच निराळं असतं. साध्या गोष्टीत 'जळगाव, मे महिना, दुपार' एवढं लिहिलं की पुढचं काम वाचक करतो. त्याच्या मानेवर घाम येतो, तोंड कोरडं पडतं, शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा तोच आणतो. परग्रहावर त्याच्याजवळ आणण्यासारखं काही नसतं. मग सगळा माल लेखकानंच पुरवायचा, तर तो भडक रंगात पुरवायला नको का? या विचारातून माझी पुढची कथा आली. तिच्यात बर्फ नव्हता. तिच्यात दोन सूर्य होते, तांबडे दिवे लुकलुकत होते आणि जमिनीच्या भेगांतून जांभळा वायू फुसफुसत बाहेर येत होता. त्या वायूनं कथेतले सगळे शास्त्रज्ञ एकेक करून गळा धरून मरत होते. 'भयाण' एकदाही नव्हता. त्याच्या जागी मी 'भेसूर' घातला होता.

ती कथा घेऊन मी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो.

मामाचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडे. मामा तेव्हा हयात नव्हता. त्याचे दोन मुलगे केळीची बाग बघायचे. थोरला नाना, माझ्याहून वडील, आडव्या अंगाचा, सगळ्या गावाची थट्टा करणारा. धाकटा माझ्याहून लहान, कमी बोलणारा, कामाला वाघ. माझ्या नावावर तोवर एकही पुस्तक नव्हतं, तरी नाना गावभर सांगायचा, "आमना मास्तर पुस्तकं लिखस." त्यानं त्या संध्याकाळी जेवणाआधी ओट्यावर माझं वाचन ठरवूनच टाकलं. दोन-तीन शेजारी आले. उजेड अजून होता. वहिनी, म्हणजे नानाची बायको, आत चुलीपाशी होती, पण तिचा कान बाहेर होता.

मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, वायूचा आवाजही काढला. 'फुस्स' असा. गल्लीतलं एक कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. तेवढाच त्या कथेचा परिणाम.

नानानं मध्येच हात वर केला. "थांब जरासा. गॅस जांभया शे ना? म्हनजे दिसस. दिसस तर मंग ह्या मानसं पयतस का बरं नही?"

"ते शास्त्रज्ञ आहेत नाना. जांभळा वायू दिसला तरी पळत नाहीत, नमुने गोळा करतात."

"मंग मरू दे," नाना म्हणाला.

ओटा हसला. आतून वहिनीचा आवाज आला, "जेवी ल्या पहिले. मंग मरा."

धाकटा एकटा गंभीर होता. त्यानं विचारलं, "तठे पानी कितलं खोल शे?" त्या ग्रहावर पाणी किती खोल आहे, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी म्हणालो, पाणी नाही. त्यानं मान हलवली आणि त्याचा त्या ग्रहातला रस संपला. त्याला रात्रंदिवस पाण्याचंच पडलं होतं. त्यांच्या विहिरीचं पाणी त्या साली इतकं खाली गेलं होतं की वर ठेवलेल्या डिझेल इंजिनाला ते ओढता येईना. म्हणून दोघा भावांनी विहिरीच्या आत, अर्ध्याच्या खाली, कातळात एक टप्पा फोडून इंजिन तिथं उतरवलं होतं. धूर बाहेर यावा म्हणून लांब पाइप वरपर्यंत आणला होता. पाइपाचे सांधे काथ्या गुंडाळून बसवले होते. त्या भागात तेव्हा अशी बरीच इंजिनं विहिरीत उतरली होती. पाणी खाली गेलं की इंजिन त्याच्या मागे जायचं, इंजिनामागे माणूस.

दुसऱ्या दिवशी मी दोघांबरोबर मळ्यात गेलो. केळी निसवायला लागली होती, म्हणजे खोडातून घड बाहेर पडत होते. या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तर घड पोसत नाही आणि वर्षभराची मेहनत जाते. सकाळपासून इंजिन चाललं होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. चारीतलं, म्हणजे बागेच्या पाटातलं, पाणी पुढं सरकायचं थांबलं. नानानं टोपी काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि धाकट्याला म्हणाला, "कंदील आन."

विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. दोराला बांधून पेटता कंदील खाली नेतात. मिणमिणला, विझला, तर खाली खराब हवा आहे असं समजतात आणि कुणी उतरत नाही. ही रीत खोटी नाही. जुन्या, बंद, गाळानं भरलेल्या विहिरीत जड वायू साचतो, त्यात दिवा खरोखर विझतो, आणि या रितीनं आमच्या भागात कितीतरी जीव वाचवले असतील. नाना थट्टेखोर असला तरी कंदिलाशिवाय तो कधी उतरला नाही. मामानं त्याला तसं लावून दिलं होतं.

धाकट्यानं कंदील सोडला. आम्ही तिघं कठड्यावर ओणवलो. कंदील हलत हलत खाली गेला, इंजिनापाशी टेकला. ज्योत सरळ होती. अगदी देवघरातल्यासारखी.

"जयी ऱ्हायना," धाकटा म्हणाला. जळतोय.

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट आठवतं. वर्गात शिकवतात त्या ओळी आठवल्या. इंजिन बंद खोलीत चालवू नये, का चालवू नये, वगैरे. दर वर्षी मी त्या फळ्यावर लिहायचो आणि पोरं उतरवून घ्यायची. मी म्हणालो, आणि कुठल्या भाषेत म्हणालो बघा, "नाना, थांब. कंदिलावरून हे कळणार नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रंगहीन असतो, गंधहीन असतो. त्यात ज्योत विझत नाही, पण मनुष्य..."

नानानं माझ्याकडे पाहिलं. पाय कठड्यावर टाकता टाकता तो म्हणाला, "काल तं जांभया व्हता. रातभरमा रंग उडना का?"

धाकटा हसला. आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. बोलणं झकास होतं. माझ्या सगळ्या कथेवरची ती सगळ्यात नेमकी टीका होती. मी पुन्हा एकदा "नाना, मी खरंच सांगतोय" असं म्हणालो, पण हसून झाल्यावर. हसून झाल्यावर म्हटलेल्या वाक्याला काय वजन असतं?

"आत्ते ऊनू," आलोच, असं म्हणून नाना लोखंडी कड्यांवरून उतरायला लागला.

तो टप्प्यावर पोचला. वाकून त्यानं काहीतरी केलं. हँडल फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा आला. मग जरा वेळ आला नाही. आम्ही खाली पाहिलं तर नाना इंजिनाला टेकून बसला होता. दमलेला माणूस बसतो तसा. एक हात मांडीवर, मान किंचित कलती. त्याच्या बाजूला कंदील सरळ जळत होता.

पुढं कितीतरी वर्षं मी विज्ञानकथेतल्या वातावरणाबद्दल बोलायला उभा राहिलो की माझ्या डोळ्यांसमोर ते असायचं. सभागृहात ते कधी सांगितलं नाही. भर दुपार. केळीची पानं एकमेकांवर घासल्याचा तो नेहमीचा आवाज. चारीतलं पाणी जिरून गेल्यावर ओल्या मातीचा वास. कुठं तांबडे दिवे नाहीत, कुठं फुस्स नाही. सगळं जागच्या जागी, आणि एक माणूस बसलेला. मी लिहिलं असतं तर मी तिथं ढग आणले असते. एखादं घुबड आणलं असतं. नानाला किंचाळायला लावलं असतं. आणि वाचणाऱ्यानं नानाच्याच शब्दांत म्हटलं असतं, मग मरू दे.

"नाना," धाकट्यानं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग तो कठडा ओलांडून पहिल्या कडीवर उतरला.

मी त्याला मागून धरलं. माझ्यासारख्या खडूधारी माणसानं धाकट्याला धरणं म्हणजे वेलानं बैल धरणं. त्यानं एका हातानं कडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं मला ढकलत होता. "सोड. मन्हा भाऊ शे तो. सोड माले."

आता मला माहीत होतं की हा खाली उतरला तर हाही बसेल. मग आवाज ऐकून शेजारच्या मळ्यातले येतील, त्यातला एक जण उतरेल, तोही बसेल. अशाच विहिरींत माणसं एकामागोमाग गेल्याचं ऐकलेलं होतं. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. हे त्याला कसं सांगायचं? रंगहीन, गंधहीन हे शब्द नानाच्या एका बोलण्यानं कायमचे बाद झाले होते. माझ्या तोंडून वायूचं नाव निघालं असतं तरी त्याला ओट्यावरचा मी दिसलो असतो, फुस्स करणारा.

मी खाली पाहिलं. विहिरीच्या कातळात कपारी होत्या, कपारींखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ होते. पारव्यांचे. खानदेशातली कुठलीही विहीर घ्या, तिच्यात पारवे असतात. कुणी डोकावलं की फडफडत वर येतात. आम्ही केव्हापासून ओरडत होतो आणि एकही आला नव्हता.

"पारवा कथा गयात रे?" मी म्हणालो. पारवे कुठं गेले, असं घरच्या बोलीत. वर्गातली भाषा कधी सुटली ते कळलंच नाही. "ह्या हिरमा एक बी पारवा नही. देख. एक बी नही."

धाकट्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपारी रिकाम्या होत्या. त्याच्या हाताची ढकलायची ताकद कमी झाल्याचं मला जाणवलं. त्याचा चेहरा मी बाजूनं बघत होतो. तो पांढरा पडला. मग त्यानं पाय उचलून पुन्हा कठड्यावर ठेवला आणि तो वर येऊन जमिनीवर बसला. बसला आणि रडायला लागला.

मी शेजारच्या मळ्याकडे ओरडत पळालो. माणसं आली, दोर आले. कडुनिंबाच्या मोठ्या फांद्या तोडून दोराला बांधून विहिरीत वर-खाली केल्या, हवा ढवळायला. घागरी भरभरून पाणी वरून ओतलं. हे सगळं करायला वेळ लागला. किती लागला ते मला सांगता येणार नाही, मी कधी हिशोब केला नाही, आणि करायचाही नाही. मग धाकट्याच्या कमरेला दोर बांधला, चौघांनी तो धरला, आणि तो उतरला. उतरण्याआधी त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. नानाला त्यानं दोरात बांधलं. वर ओढलं आम्ही सगळ्यांनी.

नानाचा चेहरा लालसर होता, टवटवीत. त्या वायूनं तसं होतं, हेही मी शिकवत होतो. पण झाडाखाली त्याला निजवल्यावर कुणालाच तो गेल्यासारखा वाटेना. ट्रॅक्टर आणायला माणूस पळाला. तेवढ्यात बांधावरून वहिनी भाकरीचं टोपलं घेऊन आली. तिनं नानाकडे पाहिलं, टोपलं खाली ठेवलं आणि आम्हाला विचारलं, "झोपना का?" तिनं वाकून त्याच्या गालाला हात लावला. "गरम शे," ती म्हणाली. चोपड्याच्या डॉक्टरांनी ट्रॅक्टरवरच बघितलं आणि खाली उतरवू नका म्हणाले.

तेच डॉक्टर, चांगले गृहस्थ, हात धुताना असंही म्हणाले की थोडं आधी बाहेर काढलं असतं तर कदाचित. डॉक्टर असं म्हणतात. त्यांना वाटतं त्यातून धीर मिळतो. धाकटा बाजूलाच उभा होता.

त्या दिवसापासून धाकटा माझ्याशी बोलला नाही. दहाव्याला नाही, नंतरही नाही. गावात कुणी विचारलं की तो एकच वाक्य सांगायचा, मास्तरनं मला धरलं. त्याच्यापुढं तो काही जोडायचा नाही. जोडायची गरजही नव्हती. गावातले काही म्हणायचे, मास्तरामुळं धाकटा तरी राहिला. काही म्हणायचे, मास्तर भित्रा, स्वतः उतरला नाही आणि भावाला उतरू दिलं नाही. दोन्ही बाजूंना पुरावा मीच होतो, त्यामुळे मला कुठल्याच बाजूनं बोलता येईना. वहिनी माझ्याशी नीट वागायची, आणि ते जास्त जड जायचं. मी सुट्टीत तिकडे जाणं कमी केलं, मग बंद केलं.

पारव्यांची गोष्ट मात्र मला त्याच रात्री खटकली होती. पारवे वायूमुळं गेले असतील याला काय आधार? विहिरीत रोज इंजिन धडधडतंय, धूर निघतोय, तिथं कुठला पारवा घरटं करून राहील? ते गोंगाटाला कंटाळून गेले असणार. म्हणजे माझं शास्त्र खरं होतं, त्यानं कुणी थांबलं नाही. आणि जे बोललो ते शास्त्र म्हणून कुचकामी होतं, त्यानं माणूस थांबला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून ही काही मिरवायची गोष्ट नाही.

वर्षभरानं मी त्या सगळ्याची कथा लिहिली. विहीर नव्हती तिच्यात, ग्रह होता. पण ग्रहावर दुपार होती, ओल्या मातीचा वास होता, एक खोल खड्डा होता, आणि उतरण्याआधी दिवा सोडायची त्या लोकांची रीत होती. दिवा सरळ जळतो. एक जण उतरतो, दमल्यासारखा बसतो. दुसरा उतरायला निघतो आणि थांबतो. संपादकांनी ती माझ्यासमोरच वाचली. पंखा चालू होता. वाचून झाल्यावर त्यांनी उठून तो बंद केला, का ते त्यांनाही कळलं नसावं, आणि पुन्हा येऊन बसले. पेन्सील तशीच टेबलावर पडून होती.

"मास्तर, हे कुठं घडलं?" त्यांनी विचारलं.

"ग्रहावर," मी म्हणालो.

त्यांनी पुढं विचारलं नाही. रविवारी कथा आली. लोकांनी कौतुक केलं, आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं. मला एक वाईट सवय लागली ती तेव्हापासून. कुणी विज्ञानकथेबद्दल बोलायला बोलावलं की मी जायचो आणि जागा आणि भीती एकाच भांड्यात शिजते वगैरे संपादकांचंच बोलणं माझं म्हणून ठोकून द्यायचो. माणसं लिहून घ्यायची. फुस्स करायचं तेवढं बाकी होतं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर धाकटा. अंगानं भरला होता, कानाजवळ केस पिकले होते. धुळ्यात कोर्टाचं काम होतं म्हणाला. मी त्याला आत बसवलं. माझ्या बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवला. तो खोलीभर बघत होता, पुस्तकांच्या फळीकडे, खिडकीकडे. विहीर बुजवल्याचं त्यानं सांगितलं. आता बोअर घेतला आहे, पाणी बरं आहे. नानाची मुलगी उजवली. मी हो हो म्हणत होतो. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज ऐकत होतो, तो काय सांगतोय त्याच्याकडे माझं पुरतं लक्षही नव्हतं.

मग तो म्हणाला, "तुन्ही गोष्ट वाची मी. व्हई गयात बराच दिन."

मला वाटलं आता भांडण होईल. मी तयार झालो.

"तठे तो दुसरा मानूस थांबस," तो म्हणाला. "तेले पारवा नही दिसतस, मंग तेले समजस का गॅस शे. म्हनीसन थांबस."

मी मान हलवली. कथेत पारवे नव्हते, त्या ग्रहावरची दुसरी पाखरं होती, पण त्यानं ती पारवे म्हणूनच वाचली होती.

"तसं नव्हतं," तो म्हणाला. "पारवा तं इंजिन उतारं तव्हयच उडी गयथात. मीच उतारं ना इंजिन. माले माहीत व्हतं."

चहा आला. बायको कप ठेवून आत गेली. त्यानं कपाला हात लावला नाही.

"पारवे आधीच उडालेले तुला माहीत होतं, मग तू थांबलास का?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "तू बोलना आनि मी खाले देखं. रोजनी हिर. मी ल्हानपनफाईन तिन्हामा उतरस. पन तव्हय ती मन्ही हिर नव्हती. नाना तठे बठेल व्हता आनि ती मन्ही हिर नव्हती. माले भ्याव वाटनं." तो जरा थांबला. "तू माले धरं म्हनीसन मी थांबनू, आसं मी बठ्ठासले सांगस. तू तं कव्हयच सोडी दिन्हतं माले. तुन्हा हातमा जोर नव्हता."

मी धरलं म्हणून थांबलो असं तो सगळ्यांना सांगायचा, पण मी त्याला केव्हाच सोडलं होतं, ते खरं होतं. पारवे कुठं गेले असं विचारलं तेव्हा माझे हात ढिले पडले होते. मी दमलो होतो.

मला त्याला सांगावंसं वाटत होतं की भीती वाटली म्हणून तर तू आज इथं बसला आहेस. पण तो काही त्यासाठी आला नव्हता. त्यानं शेवटी विचारलं, आणि विचारताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं, "तू शिकेल शे. खरं सांग. मी तव्हयच उतरतू तर नाना वाचता का?"

मी विज्ञानाचा शिक्षक. त्या विहिरीत किती धूर होता, नाना बसला तेव्हा त्याच्यात किती धुगधुगी होती, डॉक्टर म्हणाले त्यात किती तथ्य, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. त्याच्या विचारण्याला प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' हे होतं. वर्गात मी तेच दिलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "दोघंही गेले असते."

एवढंच म्हणालो. पुढं काही लावलं नाही. तो माझा चेहरा बघत राहिला. थट्टा करणाऱ्या भावाच्या घरात वाढलेला माणूस, समोरचा बनवतोय का हे त्याला कळत असणार. मी डोळे वळवले नाहीत.

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं गार झालेला चहा एका दमात प्यायला, कप नीट बशीत ठेवला, आणि चोपड्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.